चाकांवरची चूल



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, त्यामुळे स्क्रीनकडे बघायला बंदी होती. आता बंदी उठली आहे, आणि निमित्त आमच्या पुण्याच्या पुतण्याने दिले.

परवा तो राळेगणला आला होता. चहा होईपर्यंत बरे होते, मग म्हणाला, "तात्या, दिवाळीत कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात जायचा विचार आहे. आत गॅस, फ्रीज, पलंग, सगळे आहे. तुम्ही अमेरिकेत असल्या गाडीत राहून आलात ना? स्वयंपाकाचे कसे करायचे तेवढे सांगा."

मी म्हटले, सांगतो. पण सांगायला बसलो तेव्हा लक्षात आले की ही गोष्ट नुसत्या गॅस-फ्रीजची नाही. तिला फाटे बरेच आहेत. म्हणून इथे सविस्तर लिहितो. पुतण्याने वाचावे, आणि इतर नातलगांनीही वाचायला हरकत नाही. (सूनबाई, तुझा उल्लेख येणार आहे. चांगलाच येणार आहे, काळजी नको.)

२०२३ च्या जुलैमध्ये आम्ही दोघे थोरल्याकडे डेन्व्हरला होतो. त्याने यलोस्टोन बघायला जायचे ठरवले. यलोस्टोन म्हणजे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १८७२ सालचे. हॉटेलांऐवजी त्याने आर.व्ही. भाड्याने घेतली. आर.व्ही. म्हणजे आपल्या एस.टी.पेक्षा थोडी लहान गाडी, पण आत घर. ड्रायव्हरच्या डोक्यावर पोटमाळ्यासारखा पलंग, मागे दुसरा पलंग, मध्ये जेवायचे टेबल (रात्री त्याचाही पलंग होतो), कोपऱ्यात संडास-बाथरूम, आणि दाराशेजारी स्वयंपाकघर. तीन बर्नरची शेगडी, एक बेसिन, वर दोन कपाटे. ओट्याची लांबी माझ्या दीड हाताएवढी. माणसे सहा.

वाटेत वायोमिंग राज्य लागते. मैलच्या मैल माळरान. गवत पिवळे, झाड औषधालाही नाही. मी हिला म्हटले, "बघ, १९७० चे राळेगण!" एका गावात पाय मोकळे करायला थांबलो तर तिथे छोटेसे संग्रहालय होते, आणि त्यात एक जुनी लाकडी घोडागाडी ठेवली होती. वर कॅनव्हासचे गोल छप्पर, दाराशेजारी लोखंडी चूल, मागे आडवा पलंग, पलंगाखालून ओढून काढायचे टेबल. ही मेंढपाळांची गाडी. रॉलिन्स गावच्या जेम्स कँडलिश नावाच्या लोहाराने १८८४ च्या सुमारास अशी पहिली गाडी बांधली असे तिकडे सांगतात. मी आत डोकावून पाहिले आणि मग बाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे पाहिले. मांडणी तीच! चूल दाराशी, पलंग मागे, टेबल आत सरकवायचे. म्हणजे आज लोक हौसेने ज्यात सुट्टी घालवतात ते मुळात मेंढरांमागे फिरणाऱ्याचे बिऱ्हाड होते.

आणि मला आमचे धनगर आठवले.

आमच्या पारनेर तालुक्यात धवळपुरी आणि आसपासच्या भागात धनगरांची मोठी वस्ती आहे. दिवाळी झाली की त्यांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. मी लहान असताना, म्हणजे १९६० च्या आगेमागे, जाता-येता त्यांचा वाडा आमच्या रानात बसायचा. मेंढ्या शेतात बसवल्या की लेंडीचे खत मिळते, म्हणून वडील त्यांना बोलवायचे आणि बदल्यात बाजरी द्यायचे. घोड्यावर सगळा संसार लादलेला. भांडी, घोंगड्या, पोती, वर खुराड्यात कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर एखादे पोर. पुरुष मेंढरे हाकीत येत, बाया घोडी घेऊन पुढे. घोडी उतरवली की पहिले काम चुलीचे. वारा कुठून येतो ते बघायचे, त्याला पाठ देऊन तीन दगड मांडायचे, आणि पाणी आणायला एक जण जायची. माझी शाळेची पाटी बाजूला ठेवून मी बघत बसायचो. माझ्या अंदाजाने अर्ध्या तासात पहिली भाकरी निखाऱ्याशी उभी राहत असे. मलाही मिळायची, मेंढीच्या दुधाबरोबर.

आर.व्ही. उभी करतानाही पहिले काम तसलेच. थोरला चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे घालून गाडी सपाट करायचा. मी विचारले, कशाला एवढी कसरत? तर म्हणे गाडी कलती राहिली तर गॅसवरचा फ्रीज नीट चालत नाही. आणि तव्यातले तेल एका कडेला जाते ते वेगळेच! जागा ओळखायची विद्या दोन्हीकडे आहे. फक्त आमच्या धनगरणीला ठोकळे लागत नव्हते.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येतो. पहिल्या दोन रात्री आम्ही मॅडिसन नावाच्या तळावर होतो. गिबन आणि फायरहोल या दोन नद्या तिथे मिळतात आणि मॅडिसन नदी होते. जागा फार सुरेख. पण तिथे गाडीला वीज आणि नळ जोडायची सोय नाही. गाडीच्या टाकीत असेल तेवढेच पाणी. आमची टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटर. मी मनात हंड्यांचा हिशोब केला. दहा-अकरा हंडे. सहा माणसे, दोन दिवस.

मंडळी, राळेगणच्या माझ्या वयाच्या माणसाला हा हिशोब कुणी शिकवावा लागत नाही. आमच्याकडे पाऊस वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर. अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून गावी परतले, मग यादवबाबांच्या देवळापासून काम सुरू झाले, नाला बंडिंग झाले, पाझर तलाव दुरुस्त झाले, झाडे लागली. हे सगळे नंतरचे. त्याआधीच्या उन्हाळ्यात माझी आई दिवसाला आठ-दहा हंडे आणायची, आणि त्यात माणसे, भांडी आणि दावणीची जनावरे सगळे भागायचे. त्यामुळे थोरल्याने "पाणी जपून" असे म्हटल्यावर नातवंडांनी तोंडे केली, पण आमची ही एकदम खुशीत! तिने भांडी घासायची पद्धत ताब्यात घेतली. आधी कागदाने पुसून घ्यायची, मग एका पातेल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे. सहा ताटे आणि दोन पातेली साडेतीन लिटरमध्ये. "राख असती तर दोन तांब्यांत केली असती," म्हणाली.

स्वच्छ पाण्याच्या टाकीशिवाय गाडीच्या पोटात आणखी दोन टाक्या असतात. एकीत बेसिन-अंघोळीचे सांडपाणी साठते, दुसरीत संडासचे. ते कुठेही सोडायचे नाही. तळावर ठरलेली जागा असते, तिथे गाडी नेऊन जाड नळीने रिकामे करायचे. खरकटे पाणी तर जमिनीवर ओतायचेच नाही, वास आला की अस्वल येते. खाण्याची वस्तू बाहेर ठेवायची नाही. पाखरांनाही काही टाकायचे नाही. हिला ते फार जड गेले. जेवायच्या आधी कावळ्याला घास ठेवायची तिची सवय, आणि तिथले कावळे चांगले कोंबडीएवढे, समोरच बसलेले. पण नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या दिवशी थोरला हातमोजे घालून ती मैल्याची टाकी रिकामी करत होता. मी शेजारी उभा राहिलो. त्याला वाटले मी नाक दाबीन. मी म्हटले, "अरे, आपल्या गावात सार्वजनिक संडासाच्या मैल्यावर गोबरगॅस चालवला होता, मला काय सांगतोस!" आपली घाण कुठे जाते हे माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने पाहावे, असे माझे मत तिथे आणखी पक्के झाले.

स्वयंपाकातली मोठी अडचण उंचीची. मॅडिसन साधारण ६,८०० फुटांवर आहे. पाणी १०० अंशांना उकळते असे मी भूगोलाच्या तासाला शेकडो पोरांकडून घोकून घेतले, पण तिथे ते ९३ च्या आसपासच उकळते. हवेचा दाब कमी म्हणून. परिणाम असा की पातेल्यातली तुरीची डाळ तासभर नुसती नाचत राहिली. दाणा वेगळा, पाणी वेगळे. गॅस जाळून शेवटी कच्चे वरण खाल्ले. दुसऱ्या दिवशी सूनबाईने कपाटाच्या तळातून कुकर काढला. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी जास्त तापते, चार शिट्ट्यांत काम होते. तर पुतण्या, पहिला सल्ला लिहून घे. कुकर. तू महाबळेश्वरावरून कोकणात उतरणार असशील तर तिथेही फरक कळेल, कमी पण कळेल.

दुसरी अडचण फोडणीची. एवढ्याशा जागेत लसूण-मिरची तडतडली की धुराची घंटा कोकलायला लागते. नातू टॉवेल घेऊन तिच्याखाली वारा घालायचा. भाकरीचेही तेच. तव्यावर होते, पण फुगवायला जाळावर टाकली की थोडे पीठ जळते आणि घंटा सुरू! तरी बाजरीची भाकरी आम्ही केलीच. बाजरी उन्हाळ्यात खात नाहीत हे खरे, पण तिथे जुलैतही पहाटे पाच अंश असते.

इथपर्यंत सगळे मजेचे. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी, थोरला आणि मुले नदीवर गेलो होतो. पाण्यात उभे राहून मासे पकडणारे लोक बघत बसलो. परत आलो तेव्हा गाडीत दोन्ही बाया पाठीला पाठ लावून उभ्या. सूनबाई कणीक मळतेय, ही कांदा चिरतेय. हिचे गुडघे किती वाईट आहेत ते तुम्हाला माहीत आहे. सकाळचा चहा-पोहे यांनीच केलेले, दुपारचे डबे यांनीच भरलेले. मी आत पाय ठेवत सहज म्हणालो, "काय मस्त जागा आहे नाही? असे आयुष्यभर फिरावे."

ही मान वर न करता म्हणाली, "ऊसतोडीच्या बाईचं काय वेगळं असतं? तिची कोपी, माझी ही गाडी. पहाटे उठून चूल मलाच."

सूनबाईचा हात कणकेत थांबला. थोरल्याला संदर्भ कळला नाही. मला कळला.

माझी पहिली नोकरी पाथर्डी तालुक्यातली. १९७४ साली लागलो. पाथर्डी-शेवगाव आणि पलीकडचा बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा मुलूख. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बैलगाडीत संसार टाकून कारखान्याकडे निघायची. कारखान्यांचा जिल्हा तर आमचाच. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला, हा धडा मी अभिमानाने शिकवत असे. आणि शिकवताना समोरचे अर्धे बाक रिकामे असत, कारण त्या बाकांवरची पोरे त्याच कारखान्यांच्या वाटेवर गेलेली.

सहावीत एक मुलगी होती. चैत्रात परत आली. मी वर्गाला निबंध घातला होता, 'माझी सुट्टी'. तिने लिहिले होते की आई-बाप उसाच्या फडात जायचे, ती कोपीवर राहायची. धाकटा भाऊ सांभाळायची. पाटावरून पाणी आणायची, आणि रोज वीस भाकरी करायची. शेवटचे वाक्य होते की ही सुट्टी नव्हती, पण गुरुजींनी सांगितले म्हणून लिहिले आहे. मी तिला दहापैकी चार गुण दिले. शुद्धलेखनाच्या चुका फार होत्या. लाल शाईने सगळ्या ऱ्हस्व-दीर्घांना गोल केले, वही परत दिली. घरी येऊन हिला ती वही कौतुकाने सांगितली, "बघ, काय वाक्य लिहिलंय." ही म्हणाली, "मग गुण का कापले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलगी पुढच्या हंगामाला गेली ती परत शाळेत आली नाही.

ही गोष्ट आम्ही दोघे पन्नास वर्षांत पुन्हा कधी बोललो नव्हतो. हिने ती यलोस्टोनमध्ये, कांदा चिरताना काढली.

कुणी म्हणेल, गुरुजी, तुलना चुकतेय. हौस वेगळी आणि पोट वेगळे. कबूल. हिच्या हाताशी गॅस होता, टाकीत पाणी होते, मागे पलंग होता आणि चार दिवसांनी डेन्व्हरचे घर होते. ऊसतोडीची बाई पहाटे तीनला उठते, दिवसभराच्या भाकरी थापून फडक्यात बांधते, फडात नवऱ्याच्या बरोबरीने मोळ्या बांधून वाहते, आणि दिवस मावळल्यावर पुन्हा चूल पेटवते. नवरा-बायको मिळून हिशोबात 'एक कोयता'. तिची बरोबरी आमच्या हिच्याशी नाही, आणि हिलाही ते माहीत आहे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. गाडी कोणाचीही असो, पैशाची असो की पोटाची, चाकांवर संसार चढला की चूल बाईच्या वाट्याला जाते आणि 'मस्त जागा आहे' म्हणायला पुरुष मोकळा असतो. मीही मोकळा होतो. सत्तरी ओलांडलेला, शिकलेला, पोरांना समतेचे धडे शिकवलेला.

दुसऱ्या दिवशी मी शेंगोळे केले. आपल्या भागातल्या लोकांना शेंगोळे सांगायला नकोत. हुलग्याचे पीठ लसूण-मिरची-जिरे घालून घट्ट मळायचे, हातावर वळून वेटोळी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. वायोमिंगमध्ये हुलग्याचे पीठ कुठून आले? सूनबाईने डेन्व्हरच्या दुकानातून आणले होते, माझ्यासाठीच. एकच पातेले लागते, भाजी-भाकरी वेगळी नाही, घासायला कमी. फिरतीवर यासारखा पदार्थ नाही. फिशिंग ब्रिजच्या तळावर केले. तिथे अस्वलांमुळे तंबूला परवानगीच नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. उंची आणखी हजारेक फूट जास्त. अर्धा तास जास्त उकळले तरी मधोमध कच्चट राहिले. मीठ मी दोनदा घातले. नातवाने "आजोबा, हे रबर आहे का?" असे इंग्रजीत विचारले. ही मात्र गाडीबाहेर खुर्ची टाकून बसली होती आणि दोन वाट्या खाल्ल्या. काही बोलली नाही.

परतीपर्यंत मग आम्ही पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्यानेच करायचे, त्यानेच घासायचे. थोरल्याची पाळी म्हणजे सँडविच, पण असू द्या.

फिशिंग ब्रिजला नळ थेट गाडीला जोडता येतो. जोडला, आणि त्याच संध्याकाळी नातू नळ सुरू ठेवून दात घासत होता. मॅडिसनची दोन दिवसांची शिस्त दोन मिनिटांत वाहून गेली! मी ओरडलो नाही. आम्ही मोठेही तेच करत होतो. पाणी मोजायला लागते तोवरच माणूस मोजतो.

परत आल्यावर मी थोडे वाचले. आपल्या महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले आहे. अशा गाड्यांसाठी कॅरॅव्हॅन पार्क करायचे. तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, सुरक्षित जागा. धोरण चांगले आहे. मी त्याच्या विरोधात नाही, पुतण्याला तर त्याचा फायदाच आहे. पण वाचताना मनात आले, म्हणजे सरकारला हे कळते! जो माणूस आपले घर घेऊन रस्त्यावर आहे, त्याला संध्याकाळी नळ लागतो, उजेड लागतो, घाण टाकायला जागा लागते, बायकामाणसांना आडोसा लागतो, हे सरकारी कागदावर लिहिलेले आहे. फक्त हौसेने हिंडणाऱ्यासाठी लिहिले आहे. आपल्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या जे लाखो लोक पोटासाठी चाकांवर आणि घोड्यांवर घर घेऊन फिरतात, त्यांच्या तळाला ही यादी का लागू नाही?

त्यांच्यासाठी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. साखरशाळा निघाल्या. त्याच २०२१ सालात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. ती माझ्या नोकरीच्या काळात असती तर त्या मुलीची वही आज वेगळी असती. पण वसतिगृह पोरांना कोपीतून बाहेर काढते. कोपीतल्या चुलीचे काय? २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस गावोगाव गेला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण सिलिंडर गावच्या घरात आणि बाई सहा महिने दोनशे किलोमीटरवर, मग ती पुन्हा पाचट-सरपणावरच येते.

माझी मागणी साधी आहे. साखर कारखान्याच्या प्रत्येक तळावर ठराविक कोप्यांमागे एक नळकोंडाळे, भांडी घासायला एक फरशी, संडास, रात्री दिवा, आणि हंगामापुरता लहान गॅस सिलिंडर भरून मिळायची सोय. पर्यटकाच्या पार्कात जे असते तेच, त्याहून जास्त नाही. खर्च कारखान्याने आणि सरकारने वाटून घ्यावा. साखर आपण सगळे खातो. आमच्या राळेगणने पाण्यासाठी गावात उसाला बंदी केली, त्याचा मला अभिमान आहे. पण आमच्याही चहात साखर पडते. ती कुठल्या तरी कोपीसमोरून आलेली असते.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखवले की स्वतःच्या गावाचेही बोलले पाहिजे. आमच्या गावाची पंचसूत्री प्रसिद्ध आहे. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. चराईबंदीमुळे डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आले, माझ्या आईच्या डोक्यावरचा हंडा उतरला. ही बंदी चूक होती असे मी कधीही म्हणणार नाही. पण जिथे चराईबंदी झाली तिथे मेंढरांची वाट बंद झाली, हेही तितकेच खरे. गावोगाव अशी कुंपणे पडली, रस्ते रुंद झाले, माळावर कारखाने आले. धनगराला दर वर्षी एक डोंगर वळसा घालून जावे लागते. आपल्याला मिळालेल्या पाण्यातला एक हौद वाटसरू वाड्यासाठी राखून ठेवावा, ओढ्याकाठी दोन रात्रींची जागा नेमून द्यावी, एवढे तरी प्रत्येक पाणीदार गावाने करावे. हे मी ग्रामसभेत बोलणार आहे. हात किती वर होतील ते बघू. मेंढरे आली की झाडे खातील, असे म्हणणारे असतील, आणि त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच जागा नेमून द्यायची. नाही तर तो येणारच आहे, रात्री, चोरून. मग भांडणे.

असो. लेख लांबला. पुतण्या, तुझ्यासाठी थोडक्यात सांगतो.

कुकर घे. बाजरी-ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचे पीठ घे. एका पातेल्यात होणारे पदार्थ ठरवूनच निघ. टाकीतले पाणी लिटरमध्ये मोजू नकोस, हंड्यांत मोज, आणि घरी आजीला विचार तिने एक हंडा किती लांबून आणला होता. खरकटे पाणी आणि घाण कोकणातल्या ओढ्यात सोडू नकोस. ते ओढे कुणाचे तरी पिण्याचे पाणी असतात. निघण्याच्या आधी स्वयंपाकाच्या पाळ्या कागदावर लिही आणि पहिली पाळी तू घे. बायको "राहू द्या, मी करते" म्हणेल. ऐकू नकोस.

आणि दिवाळीनंतर घाटात एखादा वाडा उतरताना दिसला तर हॉर्न वाजवू नकोस. गाडी बाजूला घे, मेंढरे जाऊ दे. तुझ्या टाकीत पाणी असेल तर विचार, लागेल का म्हणून.

शेंगोळ्यांची कृती कुणाला हवी असेल तर कळवा, पुढच्या वेळी लिहीन. मिठाचे प्रमाण मात्र हिला विचारून लिहीन.

आपला,
तात्या